मालाडची अक्षरे किती?

मालाड या शब्दात अक्षरे किती? शाळकरी मूल ३ म्हणेल. जावा आणि पायथन या संगणकीय भाषा ५ म्हणतात. त्यांच्या लेखी ही म, काना, ल, काना, ड अशी पाच चिन्हांची माळ, म्हणजेच स्ट्रिंग, आहे. ही माळ चिन्हागणिक उलटी केली की ‘डालाम’ होते. अक्षरागणिक उलटी केली तर ‘डलामा’ व्हावयास हवी. पहिल्या रीतीत काना आपले व्यंजन सोडून शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसतो.

आम्ही साहित्य शिकवितो. मालाडला राहत असल्यामुळे माइंडस्पेसमधील संगणक-कंपन्यांकडे जाणारी गर्दी नित्य पाहतो. पण त्यांच्या विद्येशी आमची गाठ पडली ती अभंगामुळे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत ६-६ आणि चौथ्यात ४ अक्षरे असतात. हे विद्यार्थ्यांना यंत्राकडून मोजवून दाखवावे, असा आमचा बेत होता. यंत्राच्या मोजणीने मात्र आमचे सारे संतकवी छंदभ्रष्ट ठरू लागले!

तेव्हा ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचे मर्म समजून घेणे भाग पडले. या पद्धतीत स्ट्रिंग ही एक वस्तू असते. ती आपला ऐवज झाकून ठेवते आणि ठरावीक प्रश्नांनाच उत्तरे देते. या प्रश्नांना मेथड म्हणतात. ‘तुझी लांबी किती?’ याचे उत्तर कोणत्या मापाने द्यावयाचे, हे तिचा आराखडा, म्हणजे क्लास, रचणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. स्विफ्ट या भाषेने वाचकाला एक भासणारा चिन्हपुंज हे माप धरले, म्हणून तेथे मालाड ३ भरते. ‘स्त्री’ मात्र युनिकोडच्या पुंजविषयक नियमांनुसार तीन तुकड्यांत मोडत असे. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीने ती एकसंध मानली.

मग आम्ही ‘अक्षर’ नावाचा आमचा स्वतंत्र क्लास कल्पिला. प्रत्येक अक्षराने आपली मात्रा स्वतः सांगावी. पुढे जोडाक्षर आल्यास लघूने गुरू व्हावे. येथे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ समोर उभे राहिले. अक्षरे दोहोंतही दोनच. परंतु ‘दर्या’तील द वर आघात येतो, म्हणून मात्रा ४, ‘दऱ्या’त तो येत नाही, म्हणून ३. त्यातच ऱ हे एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते, तसेच र ला नुक्ता जोडूनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही एकच. पण आधी एकरूप करून घेतल्याखेरीज यंत्राची साधी तुलना त्यांना भिन्न ठरविते.

यातला कोणताही निर्णय केवळ प्रोग्रॅमरचा नव्हे. आघात कोठे येतो, हे मराठी छंदःशास्त्र जाणणाऱ्यानेच सांगावयाचे. आणखी एक गंमत अशी, की बोलताना आपण ‘मा-लाड्’ असे दोनच अवयव उच्चारतो. तेव्हा ५, ३ की २? लिपी साठविणाऱ्याला ५ हवेत, अभंग मोजणाऱ्याला ३, बोली अभ्यासणाऱ्याला २. एकाच वस्तूला या तीन निरनिराळ्या मेथड देता येतात. कोणतीच खोटी नाही. मात्र मागील दोन आपण मागितल्याच नाहीत, तर यंत्रापाशी पहिलीच उरेल, आणि उद्याचा विद्यार्थी तिलाच मराठीची मोजणी समजेल. त्यासाठी साहित्याच्या वर्गाने या कामात बसले पाहिजे, असे आमचे मत झाले आहे.