लोहाची गोळी

शाळेत गुरुजींनी फळ्यावर श्वसनसंस्थेची आकृती काढून दिली, ती मी पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर दरवर्षी काढीत आले. श्वासनलिका खाली दुभंगते. उजवी शाखा अधिक रुंद व अधिक सरळ, म्हणून चुकून आत गेलेली वस्तू बहुधा उजवीकडेच जाते. हे वाक्य मी मुलांना कितीदा सांगितले असेल!

आबा तेव्हा 78 वर्षांचे होते. वर्षभरापूर्वी अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. ते उशीला टेकून, मान मागे टाकून लोहाची गोळी घशात सोडीत आणि वर तांब्यातले पाणी ओतीत. ती गोळी त्यांच्या हातावर ठेवणारी मीच.

एका रात्री जोराचा ठसका लागला. दोन मिनिटांत तो शमला. "गेली खाली," आबा म्हणाले, आणि मी दिवा मालवला.

दुसऱ्या दिवसापासून खोकला सुरू झाला. प्रथम दम्याचे औषध झाले, मग न्यूमोनियाचे. छातीच्या फोटोत गोळी दिसली नाही. ती विरघळत होती. तीन आठवड्यांनी एका तरुण डॉक्टरांनी विचारले, "खोकला नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला?" तेव्हा कुठे मला तो ठसका आठवला.

दुर्बिणीने पाहिले तेव्हा उजव्या शाखेचे अस्तर भाजल्यासारखे झाले होते. लोह तेथे विरघळले, की असेच पोळते. 1897 साली फ्रायबुर्गच्या गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा नळीवाटे काढला होता. हाड निदान काढता तरी येते. आबांचा तो मार्ग आता थोडा आकसला आहे. चढावर धाप लागते.

उतारवयात गिळण्याची क्रिया मंदावते, खोकल्याची उबळही दुबळी होते; ठसका थांबला म्हणजे धोका टळला असे नव्हे. हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

आता लोह पातळ औषधातून मिळते. उरलेल्या गोळ्या आबा ताठ बसून, हनुवटी किंचित खाली घेऊन, एकेक करून घेतात. कुटायच्या का, ते आम्ही विचारून ठरवतो. काही गोळ्या कुटता येत नाहीत. गिळल्यावर आवाज घोगरा येत नाही ना, हे पाहण्यासाठी मी त्यांना नाव विचारते. ते हसतात, आणि वर्गात हजेरी द्यावी तसे म्हणतात, "हजर, बाई."