चंची आणि पिशवी

आमच्या गावी चंची सुटली की गप्पांना रंग चढे. तंबाखूला चुना चोळण्यात वेळ जाई, तेवढीच तलफेला वेसण. इथे चेन्नईत ‘कूल लिप’ची तयार पिशवी ओठाआड ठेवली की झाले. २०१३ साली तामिळनाडूने चघळण्याच्या तंबाखूवर बंदी घातली, तरी ती मिळतेच. निकोटिन हिरडीवाटे थेट रक्तात उतरते. मग उचकी, मळमळ, घाम, धडधड. अशा वेळी पिशवी तत्काळ थुंकून चूळ भरावी. उपाशीपोटी तर तिला शिवूच नये. पण खरा उतार सोडण्यातच. वैद्यकीय सल्ल्याने घेतलेला दोन मिलिग्रॅमचा निकोटिन-गम त्यास साहाय्य करतो. नागपूरहून बदलून आलेला कचेरीतील तरुण उचक्या लपवितो, तेव्हा अड्यारचे १९५४ सालचे कर्करुग्णालय डोळ्यांपुढे येते. परमुलखात त्याला टोकणारे वडीलधारे कोणी नाही. म्हणून मी टोकतो.