पट्टे गाडीला, लगाम मनाला

आजकाल लहानमोठ्या गावांतून फिरणाऱ्या कितीतरी गाड्यांवर दोन समांतर पट्टे दिसतात. बॉनेटवरून निघतात, टपावर चढतात आणि मागे डिकीपर्यंत उतरतात. रेडियमवाल्याच्या दुकानात जाऊन 'रेसिंगचे पट्टे' म्हटले की त्याला बरोबर समजते. खरे पाहता त्यात रेडियम काही नसते. ते असते विनाइल, एका बाजूला गोंद असलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. पण आपल्याकडे चिकटवायच्या प्रत्येक चमकदार वस्तूला रेडियम हे नाव पडले ते पडलेच.

आमच्या थोरल्याला अठरा पूर्ण झाली, पक्के लायसन्स हातात आले आणि आठवड्याभरात त्याने विषय काढला, "अम्मी, अब्बा, आपल्या गाडीला पट्टे लावू या का?" गाडी जुनी, पांढरी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. पैसे तो स्वतःचे घालणार होता. सुट्टीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून त्याने ते साठवले होते. धाकटीने लगेच रंगही ठरवून टाकला, निळा. दादा मात्र रागावले. "शरीफ घरातली गाडी आहे ती. पट्टे टवाळ पोरांच्या गाडीला असतात," म्हणाले.

आम्ही दोघे गप्प राहिलो. आमची काळजी गाडी कशी दिसेल याची नव्हती. आम्ही शाळेत शिकवतो. आमच्या हाताखालून गेलेला एक मुलगा रात्री हायवेवर मित्रांशी शर्यत लावताना अल्लाहला प्यारा झाला. जनाज्याच्या नमाजला त्याचे वर्गमित्र सगळ्यात मागच्या सफेत माना खाली घालून उभे होते. त्यानंतर 'रेसिंग' हा शब्द कानावर आला की आमच्या पोटात गोळा येतो. त्यामुळे थोरल्याला आम्ही एवढेच सांगितले, "हे पट्टे आले कुठून, ते आधी आम्हाला समजावून सांग. मग बोलू."

पोराने खरेच वाचून काढले. जुन्या काळी मोटारींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत प्रत्येक देशाला आपला रंग असे. इटलीचा लाल, इंग्लंडचा हिरवा, फ्रान्सचा निळा. अमेरिकेच्या वाट्याला पांढरा आणि निळा आला. फ्रान्समध्ये ल मां या गावी १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होते. तिथे १९५१ मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन माणसाने आपल्या पांढऱ्या गाड्या निळे पट्टे ओढून उतरवल्या. पुढे १९६५ मध्ये कॅरोल शेल्बी यांच्या पांढऱ्या मस्टँग गाड्यांवर तसेच निळे पट्टे आले आणि शर्यतीची ही खूण रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत पोहोचली. म्हणजे हा पट्टा मुळात ओळख होती. धावणारी गाडी कोणाची आहे, हे त्यावरून कळायचे.

त्याच ल मांमध्ये १९५५ साली एक गाडी उडून प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून अधिक माणसे गेली. हेही त्यानेच वाचले आणि स्वतःहून आम्हाला सांगितले. शर्यतीसाठी राखून ठेवलेला रस्ता, कसलेले चालक, तरी हे घडले. आपल्या हायवेवर तर शाळेतून घरी जाणारी मुले असतात, गुरे असतात, दुधाच्या कॅनांसह सायकली असतात. त्यावर आम्हाला वेगळा उपदेश करावा लागला नाही.

राहिला प्रश्न दादांचा. हौस म्हणजे गर्व, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांना सहीह मुस्लिममधल्या एका हदीसची आठवण करून दिली. गर्वाबद्दल बोलणे चालले असताना एकाने विचारले होते, की माणसाला चांगले कपडे, चांगल्या चपला आवडतात, त्याचे काय? रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्या आवडीला गर्व म्हटले नाही. अल्लाहला सौंदर्य आवडते, असे सांगून त्यांनी गर्वाची खूण दिली ती अशी, की माणूस सत्य नाकारतो आणि लोकांना तुच्छ लेखतो. दादा थोडा वेळ तसबीह फिरवत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण तुच्छ लेखणे पट्ट्यात दिसत नाही, ते ब्रेकवर आणि हॉर्नवर दिसते. ते मी पाहणार."

दादांचे हे वाक्य आम्ही घराचा नियम करून टाकले. थोरल्याने वहीत लिहून दिले. रस्त्यावर कोणाशी चढाओढ नाही, पायी चालणाऱ्याला आधी वाट, मशिदीसमोर, शाळेसमोर आणि दवाखान्यासमोर हॉर्न नाही. कायद्याची कलमेही आम्ही सोबत बसून पाहिली. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे हा गुन्हा आहे, त्याला कैद किंवा दंड होऊ शकतो. गाडीचा मूळ रंगच बदलला तर नोंदणीत तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते. म्हणून पट्टे अरुंद ठेवायचे, गाडी पांढरीच राहिली पाहिजे, असे ठरले. काचांवर फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली आहे, तेव्हा पट्टा काचेला टेकणार नाही. नंबरप्लेट आणि दिवे मोकळे. ज्यांची मुले अजून अठराची नाहीत त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

मग एका रविवारी फजरनंतर काम सुरू केले. ऊन चढले की पत्रा तापतो, गोंद लगेच पकडतो आणि चुकले तर सरकवता येत नाही. शिवाय सावलीत, वारा नसेल तिथे लावावे, नाहीतर धूळ खाली अडकते. आधी शाम्पूच्या पाण्याने गाडी धुतली, कोकणातली लाल माती खाचाखाचांतून काढली, मग पॉलिशचा अंश राहू नये म्हणून स्पिरिटने पुसली. मधला दोरा ताणून दोन्ही बाजूंची मापे घेतली. या कामात निम्मा वेळ मोजण्यातच जातो. पट्टा बोटभर जरी तिरपा गेला तरी तो दुरून ओरडतो. मास्किंग टेपने रेघ आखल्यावर फवाऱ्याच्या बाटलीतून साबणाचे पाणी मारले, मागचा कागद थोडाथोडा सोडवत पट्टा टेकवला आणि कापड गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेला पाणी बाहेर काढले. वळणाच्या जागी हेअर ड्रायरची ऊब दिली. टोके कापताना ब्लेड पत्र्यावर दाबायचे नाही. रंगाला चीर गेली की तिथून गंज धरतो, आणि आपल्या चिपळूणच्या पावसात तर नक्कीच.

डावा पट्टा टपावर गेल्यावर जरा सरकला. थोरल्याचे तोंड उतरले. पण पाणी ओले होते तोवर धाकटीने आणि त्याने मिळून तो उचलला आणि परत बसवला. दादा खुर्ची टाकून बसले होते. "घाई केली असतीस तर फाटला असता," एवढेच म्हणाले.

दुकानातून येताना थोरल्याने मागच्या काचेसाठी एक आयतही आणली होती, दादा खूश व्हावेत म्हणून. दादांनीच ती परत ठेवायला लावली. चिखल उडतो, धुतल्यावर पाणी गटारात जाते, कलामुल्लाहची ती जागा नाही. त्याऐवजी गाडी सुरू करताना सवारीची दुआ तोंडाने म्हणायची. तिचा अर्थ त्यांनी नातवंडांना सांगितला. ज्याने ही सवारी आपल्या ताब्यात दिली तो पाक आहे, आपल्या बळाने आपण तिला काबूत आणू शकलो नसतो. चार चाकांच्या गाडीलाही तो अर्थ तंतोतंत लागू पडतो.

महिन्याभराने आम्ही सगळे एका निकाहला निघालो होतो. थोरला चालवत होता, दादा पुढे, आम्ही मागे. बहादूरशेख नाक्यापुढे एक मोटरसायकल शेजारी आली. पोरांनी पट्टे पाहिले, हसले आणि रेस वाढवून हाताने इशारा केला, ये म्हणून. आमचा श्वास अडकला. थोरल्याने आरशात पाहिले, वेग कमी केला आणि गाडी डावीकडे घेतली. मोटरसायकल पुढे निघून गेली. गाडीत कोणी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने दादा म्हणाले, "निळा रंग चांगला दिसतो रे पांढऱ्यावर."

मुलांच्या हौशीला सरसकट नाही म्हणणे सोपे असते. पण नाही म्हटलेली हौस घराबाहेर जाऊन पुरी होते, आणि बाहेर तिच्याजवळ बसायला आपण नसतो. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला चाल मध्यम ठेवायला आणि जमिनीवर ऐटीत न चालायला सांगतो. तो चालू नकोस म्हणत नाही. आपल्या मुलांना चालायचे आहे, गाडी चालवायची आहे आणि ती थोडी सजवायचीही आहे. सजवताना त्यांच्या शेजारी बसावे, दोऱ्याचे दुसरे टोक धरावे. चाल कशी ठेवायची, हे सांगायला त्याहून चांगली वेळ मिळत नाही. अल्लाह सगळ्यांच्या लेकरांना रस्त्यावर आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.