देवडीत पाठ टेकून आले!

काल माहुलीचा गड चढून आले. पोटऱ्या ठणकताहेत, पण सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही!

आम्ही डोळखांबकर. तालुक्याला जायचं म्हणजे शहापूर, आणि तिथवर एसटी पोचली की माहुलीचे सुळके दिसायचेच. नवरा, नवरी, भटजी ही नावं लहानपणापासून पाठ. वर काय आहे, हे मात्र कधी विचारलंच नाही. यंदा झोडणी उरकली आणि भाचा म्हणाला, "मावशे, चल." तांदळाची भाकर, सुकटीची चटणी बांधून निघालो. वाट अशी अंगावर येणारी! शेवटी लोखंडी शिडी. आणि वर? किती मोठं रान! एक नाही, तीन गड: मधे माहुली, उत्तरेला पळसगड, दक्षिणेला भंडारगड.

महादरवाज्याची पडझड झालीय, पण पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. मी आत शिरून पाठच टेकली. गारेगार दगड! हात फिरवला तर छिन्नीचे चरे बोटांना लागत होते. जर्मनीतल्या जुन्या तटबंदीच्या गावांचे फोटो मी मोबाइलवर तासन्‌तास बघत बसते, आणि हे इथे, माझ्या पाठीला लागून!

तिथेच भाच्याने १६३६ साल सांगितलं. शहाजीराजांनी लहानग्या मुर्तजाला गादीवर बसवून निजामशाही तगवली होती. शेवटी त्याला घेऊन ते याच गडावर आले. मोगलांचा खानजमान, विजापूरचा रणदुल्लाखान, दोघांचा वेढा. अखेर ते पोर मोगलांच्या हवाली करावं लागलं. जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवबाही तेव्हा गडावर होते, असं सांगतात. अहमदनगरची निजामशाही आमच्या शहापूर तालुक्यात संपली हो! अंगावर काटा आला.

पुढे पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेलेला हा गड परत घ्यायला १६७० च्या फेब्रुवारीत मराठे आले, तेव्हा किल्लेदार मनोहरदास गौडाने हल्ला मोडून काढला. जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतलाच. जून म्हणजे आमच्याकडे राबात भात पेरायचे दिवस, पाऊस कधीही कोसळेल असे. त्या दिवसांत हे कडे!

आज एसटीत शेजारच्या बाईंचा खांदाच हलवला. म्हटलं, "ताई, ती वरची झाडी दिसतेय ना? तिच्यात देवडी आहे."