भीतीचे क्रियापद

वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपुरात वाढलेल्या आमच्या पिढीने भीती प्रथम ऐकली ती वऱ्हाडी बोलीत : ‘मले भेव लागते.’ शाळेत तिचे ‘मला भीती वाटते’ झाले. दोन्ही वाक्यांत माणूस कर्ता नाही. तहान लागावी, थंडी वाजावी, तशी भीती त्याच्याकडे येते. ‘मी भितो’, ‘मी घाबरलो’ म्हणताना मात्र तो स्वतः कर्ता होतो. दचकणे क्षणाचे असते, धास्तावणे मात्र दिवसेंदिवस मन पोखरते.

निवृत्तीनंतर नातीच्या पाठ्यपुस्तकातून थोडी स्पॅनिश भाषा वाचली. तेथे ‘तेंगो मिएदो’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘माझ्यापाशी भीती आहे’. भूक, तहान, इतकेच नव्हे तर वयही याच ‘तेनेर’ क्रियापदाने सांगतात. ‘मे दा मिएदो’ म्हणजे ‘अमुक गोष्ट मला भीती देते’. भिण्यासाठी ‘तेमेर’ आणि घाबरण्यासाठी ‘असुस्तार्से’ ही क्रियापदेही आहेत.

मला मोलाचा वाटला तो पुढचा नियम. ‘पाऊस पडतो’ यासाठी ‘युएवे’ हे रूप आहे. परंतु ‘पाऊस पडेल अशी भीती वाटते’ म्हणताना त्याचे ‘युएवा’ होते. ज्याची भीती वाटते ते अजून घडलेले नाही, हे क्रियापदच सांगते. आपल्या ‘पडेल’ आणि ‘पडला’ यांतही हाच भेद आहे.

बँकेत कर्जखाते सांभाळताना या भेदाचे मोल मी पाहिले आहे. ‘साहेब, कापसाचे भाव उतरले तर हप्ता थकेल, धास्ती वाटते,’ असे आधी येऊन सांगणारा विरळाच. त्याच्यासाठी हप्त्यांची फेरआखणी सुचवता येत असे. बहुतेक जण ‘थकला’ झाल्यावर, नोटीस हाती पडल्यावर येत. तेव्हा मार्ग फार थोडे उरत.

आपल्या व्यापारी घरांत पत जाईल या धाकाने वडील मुलापाशी बोलत नाहीत, मुलगा वडिलांपाशी बोलत नाही. पेढीवर संयम हवाच. पण रात्री घरी आल्यावर ‘मला भीती वाटते’ एवढे तीन शब्द उच्चारण्याची मुभा प्रत्येकाला असावी. अभयदान हा शब्द आपण आदराने उच्चारतो. ‘घाबरायचे नाही’ असे दटावण्याऐवजी ‘कशाची वाटते?’ असे शांतपणे विचारणे, हे घरातल्या माणसाला देता येण्याजोगे पहिले अभय होय.