मोढेऱ्याची छपरं

दिवाळीच्या सुट्टीत अहमदाबादला नातलगांकडे गेलो होतो. तेव्हा एक दिवस काढून आम्ही मेहसाणा जिल्ह्यातलं मोढेरा गाठलं. पुष्पावती नदीकाठचं अकराव्या शतकातलं सूर्यमंदिर पाहायला इथे लोक लांबून येतात. ते आम्हीही पाहिलं, पण आमची नजर गावातल्या छपरांवर होती. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी हे देशातलं पहिलं चोवीस तास सौरविजेवर चालणारं गाव म्हणून जाहीर झालं.

आमच्या घरी वर्षभर एकच चर्चा होती, छतावर पॅनल बसवायचे की नाही? अम्मींना रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं. त्यांचा सवाल साधा होता, "मगरिबनंतर सूर्य नसतो, मग माझं मशीन कशावर चालणार?"

मोढेऱ्यात तेराशेहून जास्त घरांवर एकेक किलोवॉटचे पॅनल आहेत. एका घरच्या ताईंनी आम्हाला पाणी दिलं आणि मीटर दाखवला. ऊन पडलं की पॅनलमधल्या सिलिकॉनमधून वीजप्रवाह सुरू होतो आणि इन्व्हर्टर तो घरच्या विजेसारखा करून देतो. हे काम प्रकाशाचं आहे, उष्णतेचं नाही. उलट पॅनल फार तापला तर वीज थोडी कमीच मिळते. दिवसा उरलेली वीज तारेतून बाहेर जाते, रात्री लागेल तेवढी तारेतूनच घरात येते आणि मीटर दोन्हींचा हिशेब ठेवतो. शिवाय जवळच सुज्जनपुऱ्याला ६ मेगावॉटचा प्रकल्प आहे आणि रात्रीसाठी मोठ्या बॅटऱ्याही आहेत.

अम्मींच्या सवालाचं अर्धं उत्तर मिळालं. उरलेलं अर्धं परतल्यावर एका जाणकार वायरमनने दिलं. बॅटरी नसलेले साधे पॅनल लाईट गेली की भर उन्हातही बंद होतात. तारेवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ही सोय असते. म्हणजे रात्री लाईट गेली, तर नुसत्या पॅनलचा अम्मींना काहीच उपयोग नव्हता.

सरकारी योजनेत घरगुती ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्याच्या आनंदात बॅटरीचा खर्च आम्ही धरलाच नव्हता. आता हिशेब नव्याने मांडला. पॅनल सध्या २ किलोवॉटचेच घ्यायचे, पण मशीन रात्रभर चालेल एवढी बॅटरी आणि तिला जोडता येणारा इन्व्हर्टर घ्यायचा.

ऊन ही अल्लाहची नेमत, सर्वांना सारखी मिळते. ती घरात आणताना मात्र आपली गरज आधी ओळखावी लागते. अम्मींना सगळं समजावून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आधी बॅटरीचं बघा."