ध्वज, खूण आणि अनुमान

जुनें छायाचित्र हा मोठा मितभाषी साक्षीदार आहे. विचारावें तेवढेंच तो सांगतो. आणि विचारणारा उतावळा असेल, तर त्याला स्वतःच्या मनांतलेंच उत्तर ऐकूं येतें. संस्कृत शिकविण्यांत हयात गेलेल्या माझ्यासारख्या वऱ्हाडी मास्तरास ह्याचा प्रत्यय आला, तो दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन लढाऊ विमानांच्या चित्रांवरून.

अकोल्यास माझा भाचा असतो. चित्रांतील विमान कोणत्या दलाचें, हें ओळखण्याचा त्याला नाद आहे. अमरावतीकरांस जर्मनी अगदींच परका नाहीं. 1936 सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें तेथें देशी खेळ करून दाखविले. त्याच उत्सवांत मेसरश्मिट 109 हें नवें लढाऊ विमान लोकांपुढें प्रथम आलें. भाच्याच्या संग्रहांत बहुतेक चित्रें ह्याच विमानाचीं आहेत.

महाभारतांत तीन पत्ति मिळून एक सेनामुख व तीन सेनामुखें मिळून एक गुल्म, असा क्रम आहे. जर्मन लढाऊ दलाची रचनाही युद्धाच्या बहुतेक काळांत अशीच तिपटीची होती : तीन श्टाफेल मिळून एक ग्रुप्पे, आणि बहुधा तीन ग्रुप्पे मिळून एक गेश्वाडर. विमानावरील आंकडा पांढरा असेल, तर ग्रुप्पेंतील पहिली श्टाफेल. तांबडा किंवा काळा असेल, तर दुसरी. पिंवळा असेल, तर तिसरी. क्रॉसच्या मागें आडवी रेघ असल्यास ग्रुप्पे दुसरी, उभी किंवा नागमोडी असल्यास तिसरी, कांहींच नसल्यास पहिली. म्हणजे पिंवळा आंकडा व आडवी रेघ ह्यांवरून सहावी श्टाफेल सिद्ध होते. गेश्वाडर ओळखावें तें बोधचिन्हावरून : 54 व्याचें हिरवें हृदय, 53 व्याचा इस्पिकाचा एक्का.

इथवर सारें सरळ आहे. पण चित्र काळेंपांढरें. त्यांत हिरवें हृदय करडें दिसतें. फिल्म तांबड्या रंगास आंधळी असेल, तर तांबडा आंकडा काळा उमटतो आणि पिंवळाही काळवंडतो. 1940 च्या उन्हाळ्यांत तर 53 व्या गेश्वाडरच्या विमानांवरील एक्का झांकून तेथें तांबडा पट्टा रंगविला होता. शिवाय विमान एका दलांतून दुसऱ्यांत जाई, तेव्हां जुनी खूण कधीं कधीं तशीच राही.

विराटपर्वांत अर्जुन उत्तराला कौरववीरांची ओळख त्यांच्या ध्वजांवरून करून देतो. पण ज्या रथांत तो स्वतः उभा होता, तो उत्तराचा. त्यावरील सिंहध्वज उतरवून त्यानें आपला कपिध्वज चढविला होता. नुसता रथ पाहणारा तेथें फसला असता.

नैयायिक ज्याला सव्यभिचार हेतु म्हणतात, तो हाच. विमानाच्या शेपटाकडे पिंवळा पट्टा दिसला, एवढ्यावरून दल ठरत नाहीं. रशियाच्या आघाडीवर तो अनेक दलांच्या विमानांवर असे. चित्रामागील मजकूर हें शब्दप्रमाण खरें. पण तो वैमानिकानें लिहिला, कीं चाळीस वर्षांनीं विकणाऱ्यानें, हें पाहावें लागतें. म्हणून भाचा वहींत तीन रकाने आंखतो : दिसलेलें, अनुमानलेलें, ऐकलेलें.

"मामा, तिसरा रकाना पहिल्यांत मिसळला कीं सगळें बुडालें," असें तो म्हणतो.

ज्या राजवटीसाठीं हीं विमानें उडालीं, तिचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. मग हा खटाटोप कशाला? उत्तर एका मुंबईच्या घरांत आहे. लेफ्टनंट वेलिणकर पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदलांत होते. जून 1918 मध्यें फ्रान्समध्यें त्यांचें विमान पडलें. जर्मनांनीं त्यांचें दफन केलें. परंतु कबरीवर नांव अपभ्रष्ट लिहिलें गेलें. त्या चार अक्षरांपायीं, युद्ध संपल्यावरही, मुलगा कोठें विसांवला हें घरच्यांस कांहीं काळ कळलें नाहीं. नांवाचा उलगडा झाला, तेव्हां कबर त्यांची ठरली.

आपल्याही घरोघरीं जुनीं चित्रें आहेत. माणसें ओळखणारीं वडीलधारीं मंडळी आहेत तोंवर मागें पेन्सिलीनें नांव, गांव व साल लिहून घ्यावें; आणि जें ठाऊक नाहीं, तेथें जागा कोरी ठेवावी. कोरी जागा उद्यां कोणी भरूं शकेल. चुकीची भरलेली तपासण्याचें सहसा कोणाच्या मनांतही येत नाहीं.